प्रश्नचिन्हाच्या आडोशाला : जुळे सोलापुरातल्या एका ‘टोळी’चं प्रकरण

हे प्रकरण घडलेलं आहे. माणसं, चॅनेल, शाळा आणि वसाहत यांची नावं काढली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या बायकांच्या जमातीचं नावही मुद्दाम दिलेलं नाही. नाव दिलं की वाचक प्रकरण सोडून पुन्हा जमातीकडेच बघू लागतो, हा अनुभव आहे. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापकांनी यात बोलावून घेतलं. माझं काम सल्ला देण्यापुरतं होतं, निर्णय त्या कुटुंबाचे होते.

पार्श्वभूमी

दिवाळीच्या आधी दुपारच्या सामसुमीत वसाहतींमधून हाळी येते, “केसांवर भांडीऽऽ, केसांवर फुगेऽऽ!” डोक्यावर स्टीलच्या वाट्या-डब्यांची पाटी, खांद्याला पोतं. विंचरताना गळालेले केस घरातल्या बायका कॅरीबॅगमध्ये साठवून ठेवतात. पुंजका हातात तोलून बघायचा आणि त्याच्या बदल्यात वाटी, पेला, पोराला फुगा द्यायचा. केस पुढे व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून टोप-गंगावनाच्या धंद्यात. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट ओरडून केल्याशिवाय हा धंदा होतच नाही.

या प्रकरणातल्या तिघी मंगळवेढा तालुक्यातल्या, भटक्या जमातीतल्या : साठीची थोरली, तिची सून आणि पंधरा-सोळा वर्षांची पुतणी. थोरलीचा भाचा सोलापुरात बी.ए. करतो, वसतिगृहात राहतो. सगळी धावपळ त्यानेच केली.

मंगळवेढ्याचा उल्लेख उगाच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती, आणि त्यांच्यातला कुणीतरी एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं कारण पुरलं. मारले गेलेल्यांपैकी बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना अशाच संशयावरून मारहाण झाली. म्हणजे ‘टोळी’ हा शब्द सोलापूरच्या आसपास नुसता शब्द राहिलेला नाही. थोरलीला हे सांगावं लागलं नाही. तिनेच आम्हाला सांगितलं.

सोलापूरचा स्वतःचा इतिहासही यात येतो. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यातल्या बऱ्याच जणांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलं गेलं, अधिकाऱ्यांपुढच्या हजेरीला बांधलं गेलं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, कुंपण गेलं, पण ‘सेटलमेंट’ हे त्या भागाचं नाव शहराच्या तोंडी अजून आहे. गिरण्या, विडी, माग यांच्यामुळे कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी एकाच गल्लीत नांदवणारं हे शहर. तेलुगू शेजाऱ्याच्या घरची चव आम्हाला पाठ असते, पण सेटलमेंटमधल्या माणसाच्या घरी चहा प्यायलेले किती निघतील, हे मी विचारून बघितलंय. लोक विषय बदलतात.

काय घडलं

जुळे सोलापूर या शहराच्या उपनगरातली, विजापूर रोडच्या बाजूची रो-हाउसची वसाहत. एका घरच्या आजींनी साठवलेले केस नातवाच्या हातात दिले आणि “जा, वाटी घेऊन ये” म्हणून पाठवलं. पोरगं धावत गेलं. सून खाली वाकली, पोत्यात हात घातला, फुगा काढला, पोराच्या हातात दिला. समोरच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात हे टिपलं गेलं, पण वरून आणि तिरकं. त्यात फुगा दिसत नाही. दिसते ती वाकलेली बाई, तोंड उघडलेलं पोतं आणि त्याच्याकडे जाणारं मूल.

एका रहिवाशाने तेवढाच तुकडा कापून वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, “ही कोण माणसं? लक्ष ठेवा.” इथवर मी त्याला दोष देणार नाही. अनोळखी माणसाबद्दल विचारणं हा काही गुन्हा नव्हे. पण संध्याकाळपर्यंत तो तुकडा एका स्थानिक यूट्यूब चॅनेलवर पोचला. पोत्याभोवती लाल गोल, खाली धडकी भरवणारं संगीत, आणि मथळा : “जुळे सोलापुरात मुले पळवणारी टोळी सक्रिय?” जवळच्या शाळेने त्याच रात्री पालकांना ‘सतर्क राहा’ असा संदेश पाठवला आणि खाली त्याच व्हिडिओची लिंक दिली.

दुसऱ्या दिवशी तिघींना एका चहाच्या टपरीपाशी लोकांनी घेरलं. आधार कार्ड मागितलं. ते दाखवल्यावर कुणीतरी म्हणालं, “आधार काय बे, शंभर रुपयांत बनवून मिळतंय.” मग पोतं रस्त्यावर उपडं केलं. आत केस. नुसते केस, गुंतवळ, काही कॅरीबॅगच्या गाठी न सोडलेल्या.

इथे संशय मिटायला हवा होता. मिटला नाही, त्याने नुसती जागा बदलली. गर्दीतला एक आवाज आला, “म्हणजे करणी करणाऱ्या हायत की!” पोत्यात पोर निघालं असतं तर टोळी, केस निघाले तर करणी. रिकामं निघालं असतं तर ‘पोर भरायला आणलेलं पोतं’ ठरलं असतं. कुठल्याही पुराव्याने न हलणाऱ्या या मनाला आपण नागरिकांची जागरूकता म्हणतो, हे मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं.

सुनेला एकाने थोबाडीत मारली. एका रिक्षावाल्याने तिघींना रिक्षात कोंबून पोलिसांकडे नेलं, म्हणून पुढचं टळलं. पोलिसांनी चौकशी केली. मूल हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती. “बाहेर वातावरण गरम आहे” म्हणून तिघींना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडलं. केस रस्त्यावरच राहिले, भांड्यांची पाटी कुणी नेली ते कळलं नाही.

अडचण नेमकी कुठे होती

भाचा चॅनेलच्या कचेरीत गेला तेव्हा संपादक म्हणाले, “कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आपण दिलगिरी टाकू की!” आणि पोरगं गप्प झालं, कारण त्याला दिलगिरी नको होती. काय हवं होतं ते त्याला नीट सांगता येत नव्हतं.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. प्रसारमाध्यमात आक्षेपार्ह काय, यावरचे आपले बहुतेक वाद भावना दुखावण्याभोवती फिरतात. पोस्टर फाडलं जातं, नाटक बंद पाडलं जातं, स्टेटसवरून दुकानांच्या काचा फुटतात, मग दिलगिरी येते. पण दुखावलेल्या भावना बातमीत यायच्या तर मागे गर्दी लागते. ज्यांच्यामागे गर्दी नाही, त्यांच्या भावना कधी दुखावतच नाहीत, निदान बातमीत तरी. या तिघींच्या बाबतीत दुखावलं होतं ते वेगळंच : गाल, पाटी, आणि दिवाळीतला धंदा. या तिन्हींची मोजदाद करता येते. त्यावर दिलगिरी टाकणं म्हणजे मोजदाद टाळणं.

दुसरं म्हणजे त्या व्हिडिओत एकही शिवी नव्हती. जमातीचं नाव नव्हतं. संपादकांचा मुख्य बचाव तोच होता, “आम्ही टोळी म्हणलंच नाही. पुढं प्रश्नचिन्ह आहे बघा.” डेस्कवर असताना मीही हे चिन्ह शेकडो वेळा बघितलंय. बातमी खरी असेल तर त्याची गरज पडत नाही, आणि खात्री नसेल तर बातमीच थांबवायची असते. मधल्या जागेत, जिथे आळस आणि व्ह्यूजची हाव असते, तिथे ते उगवतं.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग सगळ्यांनीच सुचवला : गुन्हा दाखल करा. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ समुदायांमध्ये वैर वाढवणाऱ्या मजकुराला लागतं, कलम ३५३ अफवा पसरवण्याला. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ च्या आदेशात तर सर्व राज्यांना सांगितलंय की द्वेषपूर्ण वक्तव्यावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा. कागदावर हे भक्कम आहे. पण या कलमांखाली खटला चालवायला शासनाची पूर्वमंजुरी लागते, आणि ज्या मजकुरात समुदायाचं नावच नाही त्यात वैराचा हेतू दाखवणं सोपं नाही. थोबाडीत मारल्याची तक्रार सरळ होती, पण साधी दुखापत अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत.

अॅट्रॉसिटीचं नाव निघालं आणि मिटलं. तो कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. या तिघींची जमात महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, म्हणजे त्याच्या बाहेर. हे ऐकून भाच्याच्या वर्गमित्राला धक्का बसला. थोरलीला नाही बसला.

तक्रार निवारणाचा रस्ता? प्रेस कौन्सिल वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था बघतं, यूट्यूब नाही. टीव्हीवाल्यांची स्वनियमन संस्था तिच्या सदस्य वाहिन्यांपुरती. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे आयटी नियम आले खरे, त्यात तक्रार अधिकारी आणि पंधरा दिवसांची मुदत वगैरे आहे. पण आचारसंहिता आणि त्रिस्तरीय यंत्रणेच्या मुख्य तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. ती दिली हे एका अर्थी बरंच झालं, असं मी मानतो. बातमी कशी असावी हे ठरवण्याची दोरी सरकारच्या हातात गेली की ती आधी कुणाच्या गळ्याला लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पण त्याचा अर्थ असाही होतो की गल्लीतल्या चॅनेलने गल्लीतल्या बाईला टोळी ठरवलं तर दाद मागायला जवळचा उंबरा नाही.

काही तरुण कार्यकर्ते कचेरीवर मोर्चा न्यायला तयार होते. थोरली म्हणाली, “मोर्च्याचा व्हिडिओ हीच लोकं काढत्याल.” तो विषय तिथेच संपला.

निर्णयाच्या तीन जागा

पहिली जागा मी पोचण्याआधीच होऊन गेली होती. भाच्याने संपादकांना पहिल्या फोनमध्ये विनंती केली होती, “सर, तेवढा व्हिडिओ काढा.” संपादकांनी पाच मिनिटांत काढला आणि विषय संपला म्हणून सांगितलं. त्याच्या जागी कुणीही हेच मागितलं असतं. परिणाम उलटा झाला. मूळ व्हिडिओ चॅनेलवरून गेला, पण फॉरवर्ड होत राहिला. खुलासा ज्याला जोडायचा ती गोष्टच जागेवर उरली नाही, आणि ग्रुपवर नवी ओळ फिरली, “दबाव आणून काढायला लावला, म्हणजे काहीतरी असणारच.” काढून टाकणं चॅनेलला फुकट पडतं. दुरुस्ती करायला किंमत पडते, म्हणून मागायची ती दुरुस्ती.

दुसरी जागा म्हणजे कचेरीतली बैठक. जिन्यावरून चढल्यावर पहिली खोली, भिंतीवर चार हुतात्म्यांचा फोटो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. दर १२ जानेवारीला चॅनेल त्यांना अभिवादनाची पोस्ट टाकतं. यातले कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी तर होतेच, शिवाय ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारे पत्रकार होते. हे मी बोलता बोलता काढलं. संपादकांना ते ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नाही. कॅमेरा, संकलन, वाढदिवसाच्या जाहिरातींची वसुली, सगळं एकटा करतो. त्याच्याबद्दल राग धरणं सोपं असतं, आणि त्याने काही साधत नाही.

आम्ही तीन वाक्यं लिहून नेली होती. या महिला केसांच्या बदल्यात भांडी देण्याचा व्यवसाय करतात. मूल पळवल्याची कोणतीही तक्रार पोलिसांकडे नाही. आम्ही खातरजमा न करता बातमी दिली. पहिल्या दोन वाक्यांना संपादक लगेच हो म्हणाले. तिसऱ्यावर तासभर गेला. शेवटी “खातरजमा न होता बातमी प्रसारित झाली” यावर तडजोड झाली. बातमी जणू पावसासारखी आपोआप पडली! मी हे मान्य केलं नसतं. भाच्याने केलं. “सर, दिवाळी आठ दिवसांवर आली,” एवढंच तो म्हणाला, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संपादकांना खुलाशात थोरलीची मुलाखत हवी होती. “मावशी रडल्या तर व्हिडिओ चालेल,” हे त्यांनी अगदी मनापासून, मदत म्हणून सुचवलं. थोरलीने नकार दिला, “तोंड दावलं की वळखून पुन्हा हुडकत्याल.” मग चित्रीकरण फक्त हातांचं झालं : पुंजका तोलणारा तळवा, वाट्यांची चळत, पोत्यातून निघालेला फुगा. मूळ कॅमेऱ्यात जे दिसलं नव्हतं ते आता जवळून दिसलं. माझ्या मते खुलाशातला सगळ्यात कामाचा भाग हाच.

तिसरी जागा ओळखपत्राची. वसाहतीच्या समितीतल्या एका काकांनी सद्भावनेने तोडगा सुचवला : फिरणाऱ्या बायकांनी पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं, फोटोचं कार्ड गळ्यात घालावं, म्हणजे कुणी अडवणार नाही. खोलीतल्या बहुतेकांना हे पटलं. थोरली जमिनीकडे बघत म्हणाली, “हजेरी आमच्या आज्जीनं दिली. म्या न्हाई द्यायची.”

काकांना खरंच कळलं नाही त्यात चुकलं काय. रद्दीवाला, भाजीवाला, कुरिअरवाला यांच्याकडून त्यांनी कधी नोंद मागितली नव्हती, हे प्राध्यापकांनी दाखवून दिल्यावरही त्यांना फरक पटला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातीनिहाय कामवाटपाचे नियम रद्द केले. त्याच निकालात विमुक्त, म्हणजे त्या जुन्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घ्या, असं पोलिसांना बजावलं. निकाल दिल्लीत लागतो. जुळे सोलापुरात तोच विचार ‘सगळ्यांच्या सोयीसाठी’ म्हणून चहाच्या कपासोबत परत येतो. ओळखपत्राची सूचना बारगळली ती थोरलीच्या एका वाक्याने. आमच्या युक्तिवादाने नाही.

निष्पत्ती

खुलासा चॅनेलवर आला आणि अजून आहे. मूळ व्हिडिओइतका तो कुणी पाहिला नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याने एक काम केलं : पुढे कुणी अडवलं तर मोबाइलवर दाखवायला काहीतरी हातात आलं.

खरा फरक पडला तो दुसऱ्याच ठिकाणाहून. ज्या पोराच्या हातात फुगा होता, त्याच्या आजींनी वसाहतीच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकला, “माझ्या नातवाला मीच पाठवलं होतं केस घेऊन. वाटी पण आली घरात. कशाला नाही ते उठवायलाव?” त्यानंतर तिथली चर्चा थांबली. काही जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. थोबाडीत मारणारा त्याच ग्रुपमध्ये आहे. त्याने काही टाकलं नाही.

अदखलपात्र नोंद झाली, पुढे काही झालं नाही. सुनेलाही तारखांसाठी मंगळवेढ्याहून खेपा घालायच्या नव्हत्या. पाटीतल्या भांड्यांची भरपाई मिळाली नाही. प्राध्यापकांनी आणि काही विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून थोडी भांडी घेऊन दिली. थोरलीने ती उधार म्हणून घेतली आणि दिवाळीनंतर बरेचसे पैसे परत पाठवले. त्या आता जुळे सोलापुरात येत नाहीत, पंढरपूरच्या बाजूला फिरतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी त्या आजींना गाठायला हवं होतं. खरं काय ते पहिल्या तासापासून ठाऊक असलेली ती एकमेव व्यक्ती, आणि तिला कुणीच विचारलं नव्हतं : ग्रुपने नाही, चॅनेलने नाही, पोलिसांनी नाही. त्याही गप्प होत्या, कारण मुलगा समितीवर आणि घरातला विषय चव्हाट्यावर नको. वाटी फडताळात होती आणि बाहेर टोळी फिरत होती. शेवटी भाच्यानेच हिय्या करून त्यांचं दार वाजवलं. सहिष्णुतेवर परिसंवाद पुष्कळ होतात. या प्रकरणात तिची जागा एका स्वयंपाकघरात होती, आणि तिथल्या बाईला घरच्यांसमोर बोलायचं बळ हवं होतं.

पोलिसांचा ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हा संदेश वेळेवर आला, पण मोघम होता. कुठली अफवा, कोण निर्दोष, यातलं काहीच त्यात नव्हतं. “अमुक व्हिडिओतील महिला फेरीवाल्या आहेत, चौकशीत काहीही आढळलं नाही” असं एक वाक्य त्यात असतं तर ते खुलाशापेक्षा जास्त पोचलं असतं. असं वाक्य मागायला हवं होतं, त्याच संध्याकाळी, लेखी. तिघी तेव्हा पोलीस ठाण्यातच बसून होत्या.

मारहाणीची तक्रार आणि मजकुराची तक्रार पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली असती तर बरं झालं असतं. दोन्ही एकत्र केल्याने मारणारा माणूस चॅनेलच्या मागे लपला.

शाळेचा ‘सतर्क राहा’ हा संदेश मात्र पालकांच्या मोबाइलमध्ये तसाच आहे, त्याखालची लिंक आता उघडत नाही एवढंच. दुरुस्तीचा संदेश पाठवावा म्हणून भाच्याने मुख्याध्यापकांना अर्ज दिला. त्यावर ‘आवक’चा शिक्का मिळाला आहे. उत्तर आलेलं नाही, म्हणून परवा त्याने स्मरणपत्र टाकलं.